सिसिलीची सेंद्रिय रेड वाइन: निवडायची कशी, गार किती करायची, सोबत खायचं काय

सेंद्रिय रेड वाइन प्यायची इच्छा आहे पण सुरुवात कुठून करावी कळत नाही, असं कुणी म्हटलं की मी सिसिलीतल्या व्हित्तोरिया गावाचं नाव सांगतो. भूमध्य समुद्रातल्या या बेटाच्या आग्नेय भागात, रागुसा प्रांतात हे गाव आहे. इथली चेरासुओलो दी व्हित्तोरिया ही सिसिलीतली एकमेव डीओसीजी वाइन, म्हणजे इटलीच्या सरकारी वर्गवारीत सगळ्यात वरच्या पायरीवरची. नाव लांबलचक असलं तरी वाइन समजायला सोपी आहे. रंग उजळ, आंबटपणा ताजा, आणि घसा कोरडा करणारा तुरटपणा बेताचा. पहिल्यांदा रेड पिणाऱ्यालाही ती जड जात नाही, आणि आपल्या जेवणातल्या बऱ्याच पदार्थांशी तिचं जुळतं.

ही वाइन आपल्याकडे दोन कारणांनी वाया जाते. लेबलवर ‘सेंद्रिय’ दिसलं की लोक चवीची आणि तब्येतीची हमी मिळाली असं धरून चालतात. आणि ‘रेड फ्रिजमध्ये ठेवायची नसते’ हा युरोपातल्या थंड घरांचा नियम मुंबई-नागपूरच्या उकाड्यात पाळतात. पुढचं सगळं या दोन गोष्टी नीट व्हाव्यात म्हणून लिहिलं आहे.

आधी गाव आणि द्राक्षं ओळखा

व्हित्तोरिया 1607 मध्ये वसवलं गेलं, आणि ज्यांनी वसवलं त्या सरदार घराण्यातल्या बाईंचंच नाव गावाला मिळालं: व्हित्तोरिया कोलोन्ना. पहिल्या 75 वसाहतकऱ्यांना प्रत्येकी एक हेक्टर जमीन मिळाली, अट एवढीच की आणखी एका हेक्टरवर द्राक्षाची वेल लावायची, असा इतिहास सांगतात. आज या परिसरात टोमॅटो-वांग्यांची प्लास्टिकची हरितगृहंही पसरलेली आहेत आणि त्यांच्या मधूनच द्राक्षमळे दिसतात. माती तांबूस, वाळूमिश्रित, आणि खाली चुनखडीचा थर. वाळूतून पाणी झरझर निघून जातं, खालचा चुनखडक थोडा ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यातही वेल तग धरते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला इब्लेई डोंगर. दिवसा कडक ऊन आणि रात्री उतरणारा गारवा या दोहोंमुळे द्राक्ष गोड होतं, तरी त्यातलं आम्ल टिकून राहतं.

नियमाप्रमाणे या वाइनमध्ये नेरो दाव्होला हे द्राक्ष 50 ते 70 टक्के आणि फ्राप्पातो 30 ते 50 टक्के असतं. नेरो दाव्होला गडद, अंगाने भरदार. वाइनला कणा, आलुबुखाराची आणि थोडी ज्येष्ठमधाची चव तिथून येते. फ्राप्पातो फिकट आणि सुवासिक. स्ट्रॉबेरी, डाळिंब, फुलांचा दरवळ हे सगळं त्याचं. नेरो दाव्होला सिसिलीभर पिकतो, पण फ्राप्पातो मुख्यतः याच टापूतला, आणि माझ्या मते या वाइनचा जीव त्याच्यातच आहे. एखादी चेरासुओलो नीरस वाटली तर बहुतेकदा त्यात फ्राप्पातोचा सुगंध लाकडी पिंपाच्या वासाखाली दडपलेला असतो.

1973 मध्ये या वाइनला डीओसी, म्हणजे डीओसीजीच्या खालच्या पायरीचा दर्जा मिळाला आणि 2005 मध्ये डीओसीजी. मधल्या काळात 1980 साली तीन तरुण मित्रांनी ‘कोस’ नावाची वाइनरी इथे सुरू केली. पुढे त्यांनी भाजक्या मातीचे रांजण जमिनीत पुरून त्यात वाइन आंबवायला घेतली. त्यांच्यातल्या जुस्तो ओक्कीपिंती यांची पुतणी आरियान्ना हिने 2004 मध्ये स्वतःची पहिली वाइन काढली. आज सेंद्रिय सिसिलीचं नाव निघालं की या दोन घरांचं नाव निघतंच. त्यांच्या बाटल्या महाग पडतात. तेवढे पैसे घालायचे नसतील तर चांगला दुसरा पर्याय नक्की मिळतो, फक्त लेबल वाचता यायला हवं.

इथे सेंद्रिय द्राक्ष का जमतं

नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला हे चटकन कळेल. द्राक्षाचे मुख्य वैरी दोन, भुरी आणि केवडा. भुरीला गंधकाची भुकटी पुरते आणि ती सेंद्रिय शेतीत चालते. केवड्याला ओल लागते. तो आला की तांब्याची फवारणी, म्हणजे आपलं बोर्डो मिश्रण, एवढाच उपाय सेंद्रिय शेतकऱ्याच्या हातात उरतो, आणि त्यावरही युरोपात मर्यादा आहे: सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलो तांबं, त्याहून जास्त नाही. सिसिलीत उन्हाळ्यात पाऊस जवळपास नसतो आणि वारा भरपूर, म्हणून केवडा एरवी फारसा त्रास देत नाही. इटलीतल्या सगळ्या प्रांतांत सेंद्रिय द्राक्षबागांचं क्षेत्र सिसिलीत सर्वाधिक आहे, त्याचं मोठं कारण हे हवामान.

रासायनिक नत्राऐवजी इथे वेलींच्या ओळींमध्ये बाकल्यासारखी शेंगवर्गीय पिकं पेरून वसंतात जमिनीत गाडतात. आपल्याकडे ताग-धैंचा गाडतात तीच रीत. तण कोळपून काढायचं, तणनाशक वापरायचं नाही. असं तीन वर्षं केल्यावरच त्या बागेच्या द्राक्षाला सेंद्रिय म्हणता येतं.

हवामान दरवर्षी साथ देतंच असं नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या सिराकुझा प्रांतातल्या फ्लोरिदियात पारा 48.8 अंशांवर गेला. जागतिक हवामान संघटनेने हा युरोपातला उच्चांक म्हणून मान्य केला आहे. 2023 मध्ये उलटंच झालं. मे-जूनमध्ये पाऊस लागून राहिला, केवडा पसरला आणि सेंद्रिय बागांचं मोठं नुकसान झालं. म्हणून लेबलवरच्या सालाकडे लक्ष द्या. 2021 च्या वाइन जास्त पिकलेल्या, अल्कोहोलला चढ्या असण्याची शक्यता असते. 2023 मध्ये माल कमी निघाला, पण ज्याने सडके घड निवडून बाजूला काढले त्याची वाइन चांगलीच असणार. त्या सालाला मी उत्पादकाच्या नावावर विसंबतो.

लेबल कसं वाचायचं

बाटली हातात घेतली की आधी मागची बाजू फिरवा. पुढचं लेबल विक्रीसाठी असतं, कामाची माहिती मागे असते.

पहिली खूण हिरव्या चौकटीतलं पान, पांढऱ्या ताऱ्यांनी रेखलेलं. हे युरोपीय संघाचं सेंद्रिय चिन्ह. त्याच्याजवळ ‘आयटी’, ‘बीआयओ’ ही रोमन अक्षरं आणि तीन आकड्यांचा सांकेतिक क्रमांक असतो. तो प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा क्रमांक. खाली शेतमाल कुठला तेही लिहिलेलं असतं. पान आणि क्रमांक दोन्ही असतील तरच बाटली सेंद्रिय माना. नुसतं ‘निसर्गस्नेही’, ‘पारंपरिक’ अशा शब्दांना कायद्याचं बळ नाही. ‘नॅचरल वाइन’ या शब्दाचीही युरोपीय कायद्यात व्याख्या नाही. त्या नावाखाली उत्तम वाइनही मिळतात आणि बिघडलेल्याही. बायोडायनॅमिक म्हणजे सेंद्रियाच्याही पुढे जाणारी शेतीपद्धत, तिच्यासाठी ‘डेमेटर’ हे वेगळं खासगी प्रमाणपत्र असतं.

एक बारकावा जुन्या बाटल्यांचा. 1 ऑगस्ट 2012 पासून युरोपात ‘सेंद्रिय वाइन’ असं लिहायची परवानगी मिळाली. त्याआधी नियम फक्त शेतापुरते होते, म्हणून लेबलवर ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाइन’ एवढंच छापता येई. 2012 नंतर तळघरातल्या, म्हणजे वाइन बनवण्याच्या प्रक्रियेलाही नियम लागू झाले. सॉर्बिक आम्ल वापरता येत नाही, आणि सल्फाइटची, म्हणजे वाइन टिकवणाऱ्या गंधकयुक्त पदार्थाची, मर्यादा खाली आली. साखर जवळपास नसलेल्या सेंद्रिय रेडमध्ये लिटरमागे जास्तीत जास्त 100 मिलिग्रॅम, तर साध्या रेडमध्ये 150.

‘सल्फाइट आहे’ हा मजकूर सेंद्रिय बाटलीवरही दिसेल. बिचकू नका. लिटरला 10 मिलिग्रॅमच्या वर गेलं की तसं छापावंच लागतं, आणि आंबण्याच्या क्रियेत यीस्ट स्वतःही थोडं सल्फाइट तयार करतं. दम्याच्या रुग्णाला सल्फाइटचा त्रास होऊ शकतो, त्याने मात्र जपावं. बाकी डोकेदुखीचं खापर सल्फाइटवर फोडण्याआधी अल्कोहोल किती गेलं आणि पाणी किती प्यालो ते बघा. सेंद्रिय असल्याने अल्कोहोल कमी होत नाही. चेरासुओलोत ते किमान 13 टक्के असतं आणि शरीरावर त्याचा परिणाम इतर कुठल्याही वाइनसारखाच होतो. सेंद्रिय शेतीचा फायदा माती, पाणी आणि बागेत राबणारी माणसं यांना पोचतो. मला तेवढं कारण पुरेसं वाटतं.

दुसरी खूण बाटलीच्या गळ्यावरची कागदी पट्टी. डीओसीजीच्या प्रत्येक बाटलीवर ही सरकारी पट्टी क्रमांकासह चिकटवलेली असते. ती नसेल तर ती चेरासुओलो दी व्हित्तोरिया नाही. नावातला ‘दी व्हित्तोरिया’ हा भागही वाचा, कारण अब्रुत्सो प्रांतातही चेरासुओलो नावाची वाइन होते. ती गुलाबी आणि अगदी वेगळ्या द्राक्षाची. दुकानदारसुद्धा यात घोटाळा करतात.

तिसरं, ‘क्लासिको’ हा शब्द. साधी चेरासुओलो खुडणीनंतरच्या वर्षी 1 जूनपासून विकता येते. जुन्या मूळ टापूतली क्लासिको त्याच्याही पुढच्या वर्षाच्या 31 मार्चपर्यंत थांबते. म्हणजे 2022 चं द्राक्ष क्लासिको म्हणून 2024 च्या वसंतात बाजारात येतं. ‘इंबोत्तील्यातो आल्लोरीजिने’ असं छापलं असेल तर ज्याची द्राक्षं त्यानेच बाटल्या भरल्या. हा शब्द दिसला की माझा भरवसा वाढतो. 2024 च्या खुडणीपासूनच्या युरोपीय बाटल्यांवर घटकांची यादीही सापडेल, बहुधा क्यूआर कोडमध्ये. दोन मिनिटं काढून तो स्कॅन करा. यादी जितकी छोटी तितका तळघरातला हस्तक्षेप कमी.

कुठली बाटली कुणासाठी

रेड कधीच आवडली नसेल तर नुसत्या फ्राप्पातोची बाटली घ्या. ती व्हित्तोरिया डीओसी किंवा तेर्रे सिचिल्याने आयजीटी (डीओसीच्या खालची पायरी) नावाने मिळते. जेवणासोबत काही हवं असेल तर साधी चेरासुओलो. मटण करणार असाल किंवा बाटली दोन-चार वर्षं ठेवायची असेल तर क्लासिको. नुसती नेरो दाव्होला स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी, पण उष्ण भागातल्या काही फारच मुरंब्यासारख्या लागतात. एटना रोस्सो हे वेगळंच प्रकरण. तिथे ज्वालामुखीच्या उतारावरचं नेरेल्लो मास्कालेझे हे द्राक्ष असतं, तुरटपणा जास्त. ती दुसऱ्या टप्प्यावर प्यायला घ्या.

आणायची आणि ठेवायची कशी

भारतात आयात वाइनवर कर भरमसाट असल्याने बरेच जण प्रवासातून बाटल्या आणतात. विमानतळावर माणशी दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या. मोजे चढवून, कपड्यांच्या मधोमध, चेक-इन सामानात ठेवा. राज्याराज्यांत वयाच्या आणि परवान्याच्या अटी वेगळ्या आहेत, महाराष्ट्रातही आहेत. त्या पाळा.

घरी आल्यावर खरी परीक्षा. सल्फाइट कमी असलेली वाइन उष्णतेपुढे लवकर मान टाकते. स्वयंपाकघरातलं वरचं कपाट, फ्रिजच्या माथ्यावरची जागा, शोकेस या तिन्ही जागा वाईट. बाटली आडवी, अंधारात, 12 ते 15 अंशांवर राहायला हवी. वाइनचा खास फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि काही आठवड्यांत पिऊन टाका. एप्रिल-मेमध्ये बाहेर ठेवलेल्या बाटलीचं बूच वर सरकलेलं किंवा गळ्याशी चिकट ओघळ दिसला तर आत वाइन तापून फुगली होती असं समजा.

गार करणं: सगळ्यात महत्त्वाची पायरी

चेरासुओलो 14 ते 16 अंशांवर प्यायची. नुसती फ्राप्पातो आणखी एक-दोन अंश खाली. आपल्या खोलीचं तापमान 28-30 असतं. तेवढ्या गरम वाइनमध्ये अल्कोहोल नाकात चढतं, आंबटपणा मावळतो आणि फळाचा वास उकडलेल्या जॅमसारखा होतो. मग लोक म्हणतात, रेड आम्हाला मानवत नाही.

खोलीत ठेवलेली बाटली फ्रिजमध्ये दीड ते दोन तास ठेवा. पाहुणे दारात असतील तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात बाटली गळ्यापर्यंत बुडवा. 12 ते 15 मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फात ठेवू नका, पाण्याशिवाय काचेला गारवा सगळीकडून लागत नाही. ग्लासात बर्फ टाकणंही नको. उलट फ्रिजमध्येच ठेवलेली बाटली प्यायच्या 20 मिनिटं आधी बाहेर काढा. जेवण चालू असताना बाटली परत फ्रिजच्या दारात ठेवायला लाजू नका, उन्हाळ्यात टेबलावर ती अर्ध्या तासात पुन्हा तापते.

उघडणं आणि पहिला वास

गळ्यावरचं वेष्टण ओठाच्या खालच्या कंगोऱ्याखाली कापा. स्क्रू बुचाच्या बरोबर मध्यावर टेकवून सरळ फिरवा, शेवटचा एक वेढा बाहेर राहू द्या, आणि बूच सावकाश वर खेचा. तुकडा पडलाच तर चहाच्या गाळणीतून ओतली तरी काही बिघडत नाही.

ग्लास पोटाला रुंद आणि तोंडाला निमुळता असावा. तिसरा हिस्साच भरा. प्यायच्या आधी न हलवता एकदा हुंगा, मग गोल फिरवून पुन्हा हुंगा. सेंद्रिय आणि कमी सल्फाइटच्या बाटल्यांत इथेच काही गोष्टी ओळखायच्या असतात. जळालेल्या काडीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास आला तर घाबरू नका. वाइन हवेविना कोंडलेली असते. ती एखाद्या काचेच्या जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवा, बहुतेक वेळा वास उडून जातो. जिभेवर किंचित चुणचुण जाणवली तर तो राहिलेला कार्बन डायऑक्साइड, तोही हलवल्यावर जातो. तळाशी गाळ असेल तर वाइन गाळलेली नाही एवढंच. बाटली तासभर उभी ठेवा आणि शेवटचा घोटभर भाग ओतू नका. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास मात्र हवेने जात नाही, उलट वाढतो. बूच खराब निघालं, बाटली दुकानात परत करा. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा व्हिनेगरचा वास नाकाला झोंबेल इतका असेल तर तीही बिघडलेली. ‘सेंद्रिय आहे, अशीच असते’ असं कुणी समजावलं तर ऐकू नका. चांगली सेंद्रिय वाइन स्वच्छच असते.

धडधाकट चेरासुओलो पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून बघा. चेरीसारखा लाल रंग आणि त्यातून पलीकडची अक्षरं पुसट दिसतात. दोन-तीन वर्षांची असेल तर कडेला जांभळट झाक, जुनी होत गेली की विटकरी. तोंडात घेतल्यावर आधी आंबट चेरी आणि डाळिंब येतं, मग आलुबुखार, आणि शेवटी थोडं मीठ-मिरीसारखं काहीतरी रेंगाळतं. घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. सुटलं नाही तर वाइन एक तर गरम आहे किंवा म्हातारी झाली आहे.

सोबत जेवायला काय

सिसिलीत ही वाइन माशासोबतही पितात, आणि रेडबद्दलचा आपला गैरसमज तिथे मोडतो. कांदा आणि व्हिनेगर घालून केलेला ट्यूना, वांग्याची आंबटगोड कापोनाता, तळलेलं वांगं आणि टोमॅटोचा पास्ता ‘आल्ला नोर्मा’, रागुसानो चीज. टोमॅटो, वांगं आणि थोडा आंबटपणा हे सूत्र तिथे सगळीकडे दिसतं.

तेच सूत्र आपल्या ताटात शोधा. दाण्याच्या कुटातली भरली वांगी, तिखट निम्मं करून, या वाइनसोबत मला सगळ्यात जास्त आवडतात. वाइनचा आंबटपणा दाण्याचा तेलकटपणा कापून काढतो. मात्र गूळ कमी घाला. पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला की वाइन बोचरी लागते. तव्यावर रव्यात परतलेली सुरमई, टोमॅटोवरचा खिमा, कोथिंबीर वडी, मशरूमची सुकी भाजी हेही चालतं. बांगड्यासारखा तेलकट मासा मात्र तुरट रेडसोबत तोंडात धातूची चव आणतो. फ्राप्पातो तुरट नसल्याने निभावते, पण क्लासिको नको.

तांबडा रस्सा, सावजी, ठेचा यांच्यासोबत ही बाटली उघडू नका. तिखटाने अल्कोहोलची आग वाढते आणि ज्या सुगंधासाठी पैसे मोजले तो काही केल्या कळत नाही. सोलकढी आणि वाइनही एकत्र नको, दोन आंबट एकमेकांना मारतात. बाटलीतून 150 मिलिलिटरचे पाच ग्लास होतात. चार जणांच्या जेवणाला एक बाटली पुरे, आणि शेजारी प्रत्येकाला पाण्याचा ग्लास द्याच.

उरलेली वाइन

बूच लावून लगेच फ्रिजमध्ये, उभी. साधी रेड तीन दिवस तग धरते. कमी सल्फाइटची सेंद्रिय रेड दुसऱ्या दिवशी बहुतेकदा पहिल्या दिवसापेक्षा मोकळी लागते आणि तिसऱ्या दिवशी मंदावते. अर्ध्याहून कमी उरली असेल तर छोट्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, आत हवा कमी राहते. तिसऱ्या दिवसानंतरची वाइन टोमॅटो-कांद्याच्या रश्श्यात घाला आणि झाकण न ठेवता निम्मी आटवा. मटणाला अर्धी वाटी पुरते, त्याहून जास्त घातली तर रस्सा आंबट होतो.